माथाडी बोर्ड : ज्याला मालकच नाही त्याला ग्रॅच्युइटी मिळते कशी?

शिवरी_लोकल

राजस्थानने जुलै २०२३ मध्ये गिग (अ‍ॅपवरून काम मिळणाऱ्या) कामगारांसाठी कायदा केला. त्यासाठी झगडणाऱ्या मंडळींनी नमुना म्हणून सतत नाव घेतलं ते महाराष्ट्राच्या माथाडी (म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांच्या) बोर्डाचं. आणि आपल्याकडे माथाडी म्हटलं की एक तर खंडणीची बातमी आठवते, नाही तर निवडणुकीच्या तोंडावरचा मेळावा. मी सध्या असंघटित कामगारांवर एक काम करतेय, त्यामुळे बोर्डाचं बरंच वाचून झालंय. बाजारात प्रत्यक्ष वावरलेली माणसं इथे आहेत, म्हणून धागा काढतेय.

मूळ अडचण अशी. हमाल सकाळी एका गाळ्यावर गाडी खाली करतो, दुपारी दुसऱ्याकडे थप्पी लावतो, संध्याकाळी तिसऱ्याची गाडी भरतो. त्याचा मालक कोण? तिघेही म्हणणार, आमचा नाही, हा टोळीचा माणूस. कामगार कायदे मात्र सगळे 'मालक कोण' इथूनच सुरू होतात. मालक सापडला नाही की पीएफ नाही, रजा नाही, पोतं अंगावर पडलं तर भरपाई नाही.

१९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियमाने हा प्रश्न सोडवण्याच्या भानगडीतच न पडता बगल दिली. मालक कोणीही असो, काम झालं ना? मग त्या कामावर पैसे भरा. व्यापारी बोर्डाकडे नोंदणार, हमाल बोर्डाकडे नोंदणार, टोळीला नंबर मिळणार. झालेल्या कामाची मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही व्यापाऱ्याने बोर्डात भरायची. मजुरी बोर्ड हमालाला देणार. लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी रजा, दवाखाना. माणूस पन्नास गाळ्यांवर राबला तरी त्याची सेवा एकाच ठिकाणी मोजली जाते. बोर्डावर व्यापारी, कामगार आणि सरकार असे तिघांचे प्रतिनिधी. किराणा, लोखंड, कापूस, भाजीपाला, रेल्वे माल असे धंद्याप्रमाणे आणि जिल्ह्याप्रमाणे वेगवेगळे बोर्ड.

कल्पना आकाशातून पडली नव्हती. गोदी कामगारांसाठी १९४८ चा केंद्राचा कायदा होता आणि मुंबई गोदीत टोळीवाल्यांच्या (मजूर पुरवणाऱ्यांच्या) हातून भरती निघून बोर्डाकडे गेली होती. ते मशीद बंदरच्या बाजाराला लागू करून घेण्यामागे अण्णासाहेब पाटलांची संघटना होती. पाटण तालुक्यातून आलेला, स्वतः ओझी वाहिलेला माणूस. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत त्याच्या आधीपासून, पन्नासच्या दशकापासून, उभी होती.

आता संशोधनाकडे. भारतातल्या कामगार कायद्यांवर सर्वात जास्त उद्धृत होणाऱ्यांपैकी एक अभ्यास बेस्ली आणि बर्जेस या दोन अर्थतज्ज्ञांचा, २००४ चा. औद्योगिक विवाद कायद्यात ज्या राज्यांनी कामगारांच्या बाजूने दुरुस्त्या केल्या तिथे नोंदणीकृत कारखान्यांचं उत्पादन आणि रोजगार मागे पडला, असा निष्कर्ष. महाराष्ट्र त्यात 'कामगारांच्या बाजूचा'. पुढे आदित्य भट्टाचार्जी यांनी राज्यांना गुण दिले कसे हे उकलून पाहिलं. गुजरातही 'कामगारांच्या बाजूचा' निघाला होता, आणि तो कशामुळे? १९७३ च्या एकुलत्या एका दुरुस्तीमुळे : संयुक्त व्यवस्थापन परिषदेवर आपले प्रतिनिधी न नेमणाऱ्या मालकाला दिवसाला पन्नास रुपये दंड! या पन्नास रुपयांवर एक अख्खं राज्य एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात. मला हे वाचून हसू आलं, मग जरा रागही आला, कारण त्या निष्कर्षाचा दाखला वर्षानुवर्षं दिला गेलाय.

आणि हा सगळा वाद कारखान्यांचा. ज्यांना मालकच नाही त्यांच्यासाठी काय चालतं याचा अभ्यास त्या मानाने फारच कमी. नियमित पगारावर असलेल्यांपैकीसुद्धा (शेती सोडून) सुमारे ५८ टक्के लोकांकडे लेखी करार नाही, हे सरकारचंच २०२३-२४ चं श्रमबल सर्वेक्षण सांगतं. तेव्हा बोर्डाचा अनुभव काय आहे, खरंच चालतं का, कुठे सडलंय, ते लिहा. खंडणीबद्दलही लिहा, मला ते टाळायचं नाही.

---

जावळीचा_पोरगा

वडील किराणा बाजारात टोळीत होते. आधी मशीद बंदर, मग बाजार हलला तसे वाशी. त्यामुळे घरातलंच सांगतो.

शंभर किलोचं पोतं असायचं. गाडीवरून दोघे जण पाठीवर देणार, फळीवरून उतरायचं, आत जाऊन थप्पी. खालचा थर सोपा, वरच्या थरांना खरी मजा, कारण पाठीवर पोतं घेऊन पोत्यांवरच चढायचं. पोतं धरायचा लोखंडी आकडा उजव्या हातात, तो नीट लागला नाही तर पोतं फाटतं, आणि फाटलेल्या पोत्यातली साखर सांडली की शेठचा आवाज आधी, हमालाचा खांदा नंतर. चाळिशीत गुडघे गेले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच एका माणसाने ५५ किलोच्या वर उचलू नये अशी शिफारस केली होती. पन्नास किलोचं पोतं आपल्याकडे रुळलं ते त्याच्या कितीतरी नंतर, तेही हमाल संघटनांनी लावून धरलं म्हणून.

पण गावचं घर बांधलं ते पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या पैशातून. गावातले जे लोक मुंबईत इतरत्र अंगमेहनतीची कामं करत होते त्यांच्यातला एकही निवृत्त होताना हातात चेक घेऊन आला नाही. माथाडीवाले आले. संशोधनाला याहून मोठा पुरावा काय हवा मला माहीत नाही.

आता सडलेलं. टोळीत जागा मिळणं म्हणजे सरकारी नोकरी मिळण्यासारखं झालं. बाप निवृत्त झाला की मुलगा, मुलगा नसेल तर पुतण्या, नाही तर जावई. बाहेरच्याला जागा मिळायची तर मुकादमाची मर्जी, आणि मर्जीला भाव असतो. आमच्या भागातल्या कितीतरी घरांचं भलं त्यामुळेच झालं हे मान्य, पण बिहारमधून आलेला पोरगा त्याच टोळीच्या हाताखाली नंबर नसताना काम करतो, त्याला रोख मिळते आणि लेव्ही कुठेच दिसत नाही. असुरक्षित कामगारांसाठी केलेल्या कायद्याच्या पोटात दुसरे असुरक्षित कामगार.

---

मंदार_क

वाचतोय. उत्तम धागा.

---

गुलटेकडीकर

व्यापाऱ्याची बाजूही ऐका. मार्केट यार्डात भुसाराच्या (धान्याच्या) धंद्यात आमची तिसरी पिढी. हमाल पंचायतीशी दरवाढीवर भांडणं होतात, पण चहा एकत्रच होतो, त्यामुळे माझ्या लिहिण्यात द्वेष शोधू नका. दर करार करून ठरतात, तेही ठीक.

माझी तक्रार लेव्हीची. तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात लेव्ही! शंभर रुपये हमालीवर मी पस्तीस-छत्तीस रुपये वर भरतो. शेजारच्या जिल्ह्यातला, यार्डाबाहेर गोदाम टाकलेला व्यापारी हे भरत नाही. माझ्या मालाचा भाव त्याच्याशी कसा जुळणार? मग काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त लिहीत कोणी नाही. दहा गाड्या आल्या, चिठ्ठीवर सहा. उरलेल्या चारचे पैसे टोळीला रोख, हातात. लेव्ही वाचली मला, रोकडा मिळाला त्याला, मुकादमही खूश. बोर्डाच्या निरीक्षकाला एवढी गोदामं बघायला पाय किती?

दुसरं, वाराई. गाडीवाला माल पोचवून उभा, आणि उतराईचे पैसे त्याच्याकडूनच मागायचे. वाहतूकदार वर्षानुवर्षं ओरडताहेत, 'ज्याचा माल त्याचा हमाल'. बरोबरच आहे ना? ज्याने माल मागवला त्याने हमाली द्यावी.

---

शिवरी_लोकल

@गुलटेकडीकर काका, चिठ्ठीवर सहा आणि गाड्या दहा, हे इतकं सरळ लिहिल्याबद्दल खरंच आभार. हे मला कुठल्याही अहवालात मिळालं नसतं.

लेव्हीचा मात्र हिशेब करून बघा. पगारी माणसासाठी मालकाचा पीएफ १२ टक्के. किमान बोनस ८.३३. ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांची, म्हणजे साधारण ४.८. वीस दिवस कामाला एक दिवस पगारी रजा, म्हणजे ५. कर्मचारी राज्य विम्याचा (ईएसआय) मालकाचा हिस्सा ३.२५. बेरीज ३३ च्या वर जाते, आणि त्यात बोर्ड चालवण्याचा खर्च धरलेला नाही. तुमच्या दिवाणजींना तुम्ही हे सगळं देत असाल तर त्यांचीही 'लेव्ही' तेवढीच आहे. हमालाची वेगळ्या रकान्यात दिसते म्हणून डोळ्यात भरते.

यार्डाबाहेरच्या गोदामाचा मुद्दा मात्र पूर्ण मान्य. नियम निम्म्या बाजाराला लागू आणि निम्म्याला नाही, असं झालं की प्रामाणिक माणूसच तोट्यात.

---

गुलटेकडीकर

दिवाणजींना देतो. पण दिवाणजी मी निवडलेत. टोळी मी निवडत नाही, तिचा नंबर माझ्या गाळ्याला लागलेला असतो. एखादा रोज पोती फाडतो, तरी तोच येणार. हा फरक हिशेबात कुठे बसतो?

---

चाकण_रांजणगाव

लघुउद्योजक, गाड्यांचे सुटे भाग बनवतो. आमच्याकडे माल लोखंडी ट्रॉल्यांत, फोर्कलिफ्टने चढतो. डोक्यावर काय, हातावरही कोणी घेत नाही. तरी गेटवर चार जण गाडी घेऊन उभे राहतात. हातात कुठल्यातरी संघटनेचं लेटरहेड, "माथाडी लावा, नाहीतर महिन्याचं ठरवा". ठरवा म्हणजे काम न करता. पोलिसांकडे गेलो तर "हा कामगार खात्याचा विषय", कामगार खात्याकडे गेलो तर "खंडणी पोलिसांचा विषय".

२०२३ मध्ये सरकारने दुरुस्ती विधेयक आणलं, यंत्राने होणारं काम व्याख्येतून काढायचं म्हणून, तर सगळ्या संघटना रस्त्यावर. खऱ्या माथाड्यांनी या खोट्या माथाड्यांविरुद्ध असा मोर्चा कधी काढला का? केरळात काम न करता फक्त बघत उभं राहण्याचे पैसे घेतात, 'नोक्कुकूली'. तिथल्या सरकारने, तेही डाव्या सरकारने, २०१८ च्या कामगार दिनापासून ती बंद केली. आपल्याकडे त्या प्रकाराला साधं नावसुद्धा नाही.

---

जावळीचा_पोरगा

खोट्यांविरुद्ध बोलले आहेत हो, माथाडी नेते जाहीर मेळाव्यांतून वर्षानुवर्षं बोलताहेत. तुमच्या गेटवर उभा असलेला माणूस बोर्डात नोंदलेला आहे का हे विचारा. त्याच्याकडे टोळी नंबर नसतो, बोर्डाची पावती नसते. त्याला पैसे रोख आणि दर महिन्याला हवेत, कारण बोर्डातून आले तर ते हमालाच्या खात्यात जातील. खंडणीखोराला बोर्ड नकोच असतो.

विधेयकाला विरोध का झाला तेही समजून घ्या. 'यंत्राच्या मदतीशिवाय' असा शब्द घातला की उद्या बाजारात हातगाडीला चाक आहे म्हणून ती यंत्र ठरेल. ट्रकमधून पट्ट्यावर पोतं ठेवणारा आणि पट्ट्यावरून उचलणारा, दोघेही बाहेर. फोर्कलिफ्टवाल्या कारखान्याला सूट द्यायची तर आताच्या कायद्यातही सूट देण्याची तरतूद आहे.

---

चाकण_रांजणगाव

तरतूद आहे. अर्ज करून बघा म्हणजे कळेल.

---

अनघा_बी

शिवरी_लोकल सोडली तर सगळे पुरुषच बोलताहेत म्हणून लिहिते. बाजारात बायका असतात. सांडलेलं धान्य गोळा करणाऱ्या, निवडणाऱ्या, पोती शिवणाऱ्या, पालावाल्या. माथाडी कायद्याच्या छत्राखाली त्यांचीही नोंद होते, पण मेळाव्याच्या व्यासपीठावर किती बायका दिसतात? एका गोदामात मिरच्या निवडणाऱ्या बायकांबरोबर मी काही दिवस बसले होते. नाकातोंडाला ओढणी, तरी दिवसभर शिंका आणि डोळ्यांतून पाणी. हात रात्रीपर्यंत जळतात, घरी तान्हं मूल असेल तर त्याला सासूने घ्यायचं. आणि या कामाला सगळे 'हलकं काम' म्हणतात, कारण उचलायचं काही नसतं. मजुरी ठरवताना वजन मोजतात, तिखट कोण मोजणार?

मालक नसलेल्या बायकांचं दुसरं उदाहरण पुण्यातच आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३. कचरा वेचणाऱ्यांची संघटना, बहुतेक बायका. त्यांनी आधी पालिकेचा शिक्का असलेलं ओळखपत्र मागितलं, कारण पोलीस चोर म्हणून पकडायचे. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. घरोघरी कचरा उचलायचा आणि पैसे घरांनी द्यायचे. म्हणजे इथेही मालक शोधत बसले नाहीत. पण शंभर सदनिकांच्या सोसायटीत महिन्याच्या थोडक्या रुपयांवरून जी घासाघीस चालते ती बघितली की बोर्डाची सक्ती बरी वाटते. व्यापाऱ्याला नोटीस तरी पाठवता येते.

---

लालबागचा_जुना

युनियनचं संशोधन म्हणता आणि गिरणी संपाचा उल्लेख नाही? १८ जानेवारी १९८२, अडीच लाख कामगार बाहेर. संप बुडाला त्यात १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायद्याचा वाटा मोठा. मान्यताप्राप्त युनियन एकच, बोलणी तिच्याशीच, मग कामगार कुणाच्याही मागे का असेनात. संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या मागे अख्खं गिरणगाव आणि कायद्याच्या कागदावर दुसरीच संघटना. यावर लिहा.

---

शिवरी_लोकल

लिहायला हवंच, पण वेगळ्या धाग्यावर, नाहीतर इथे उद्या फक्त ८२ उरेल. एक जोड मात्र इथे लागते. गिरणी कामगाराला मालक होता, मस्टर होतं, कायदा होता, आणि गिरणी बंद झाल्यावर थकलेल्या देण्यांसाठी त्याला अनेक वर्षं कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. माथाडीचा पीएफ एखाद्या गाळ्याचं दिवाळं निघालं तरी बुडत नाही, कारण तो गाळ्याकडे नसतोच.

---

बॅग_पाठीवर

दोन वर्षं खाण्याची डिलिव्हरी केली, आता सोडली. तुमची लेव्हीची चर्चा वाचून एक सांगावंसं वाटलं. वर काकांनी लिहिलं, दहा गाड्या आल्या, चिठ्ठीवर सहा. आमच्यात हे करताच येणार नाही. प्रत्येक ऑर्डरची वेळ, अंतर, पैसे, सगळं कंपनीच्या सर्व्हरवर. निरीक्षकाला पाय लागणारच नाहीत. म्हणजे बोर्ड चालवायला हमालांपेक्षा आम्ही सोपे.

अडचण वेगळी आहे. मुकादमाला निदान तोंड असतं, त्याच्याशी भांडता येतं. माझा आयडी एकदा बंद झाला, पावसात ऑर्डर उशिरा गेली म्हणून. मदतीच्या चॅटवर तेच ते उत्तर. शेवटी दुसऱ्या कंपनीत लागलो. आणि दर? दर रोज बदलायचा. सकाळी इन्सेंटिव्ह दाखवायचे, दोन ऑर्डर उरल्या की ऑर्डरच यायच्या बंद. खरंच बंद होतात की आम्हालाच तसं वाटतं, हे शोधण्याचं साधन आमच्याकडे नाही.

---

शिवरी_लोकल

@बॅग_पाठीवर, तुम्ही नेमकं तिथेच आणून सोडलंत जिथे मला यायचं होतं.

नवे कायदे बघा. राजस्थानचा कायदा : प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क, त्यातून निधी. (कायदा झाला, डिसेंबरात सरकार बदललं, पुढचं समजून घ्या.) कर्नाटकचा २०२५ चा : प्रत्येक मोबदल्यावर १ ते ५ टक्के. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली : कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायचे, पण कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांच्या वर नाही. आता हा ५ टक्के आणि काकांचे ३५ टक्के शेजारी ठेवा. पाच टक्क्यांत अपघात विमा निघेल, आजारपणाला थोडी मदत निघेल. म्हातारपणी हातात चेक येणार नाही.

पण पैशाहून मोठा फरक दुसरा आहे. माथाडी बोर्ड हा निधी नाही. बोर्डात मजुरीचा दर बसून ठरतो, मजुरी बोर्डातून हातात येते, आणि काम कोणत्या टोळीला ते नोंदवहीवर असतं. नव्या कायद्यांनी यातला निधी तेवढा उचलला. कर्नाटकच्या कायद्यात आयडी बंद करण्याआधी नोटीस आणि कारण देण्याचं बंधन आहे, ते चांगलंच. पण दर कोण ठरवणार यावर सगळीकडे गप्प. माथाडीचं नाव घेऊन माथाडीतलं सगळ्यात अवघड काम सोडून दिलं, असं माझं स्पष्ट मत झालंय.

---

जावळीचा_पोरगा

मत पटलं, पण एक गोम आहे. दर टिकतो कारण टोळी बंद असते. मी वर तिलाच शिव्या घातल्या, पण खरं हेच. बाहेरचा कोणीही येऊन कमी दरात पोतं उचलू लागला तर करार कागदावर राहील. नीती आयोगाने २०२२ मध्ये गिग कामगारांचा आकडा ७७ लाख दिला होता आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील म्हणाले. या सगळ्यांची टोळी कशी बांधणार? ज्याच्याकडे दुचाकी आणि मोबाइल तो कामाला तयार. नोंदणी बंद केली तर आजचे तरतील आणि उद्याचे बाहेर उभे राहतील, माझ्या वडिलांच्या टोळीबाहेर तो बिहारचा पोरगा उभा होता तसे.

---

बॅग_पाठीवर

बंद नका करू, पण किमान किलोमीटरचा दर तरी ठरवा. रिक्षाचा मीटर सरकार ठरवतंच ना. कितीही रिक्षा असोत.

---

चाकण_रांजणगाव

रिक्षाचं उदाहरण देऊन तुम्ही तुमचाच मुद्दा पाडलात. पुण्यात मीटरने चला म्हणून बघा.

---

अनघा_बी

हा हा. तरी भांडायला मीटर आहे. नसता तर कशाच्या आधारावर भांडला असता?

---

गुलटेकडीकर

शिवरीताई, तुम्ही एवढं लिहिताय तर एकदा यार्डात या. जुन्या हमाली चिठ्ठ्या आणि बोर्डाची चलनं गोणभर पडली आहेत, नावं झाकून दाखवीन. दर कधी किती वाढला ते त्यावरून काढता येईल. आमच्या टोळीचा मुकादमही भेटवतो, तो माझ्याविरुद्ध बोलेल, तेही लिहून घ्या. आणि सहा-दहाचं जे लिहिलंय ते बाजाराचं सांगितलं, माझ्या गाळ्याचं नव्हे, एवढी नोंद असू द्या.

---

शिवरी_लोकल

नोंद घेतली काका. येते. पहाटे यावं लागेल ना?

---

गुलटेकडीकर

ती भाजी. आमचं भुसार, अकराच्या आत कोणी शटर उचलत नाही. रविवार सोडून कधीही या.